चौकावरचं कापड

कारव्या कुठलंही चित्र आधी पाठीमागून बघायचा. कॅनव्हास भिंतीला टेकवून ठेवलेला असेल तर तो जरा पुढे ओढायचा, मान आत घालायचा, चौकट बघायचा, खिळे बघायचा, कापड कसं ताणलंय ते बोटानं चाचपायचा. एवढं सगळं झाल्यावर मग पुढे येऊन चित्राकडे पाहायचा, तेही फार वेळ नाही. एम.एफ.ए.च्या पहिल्याच आठवड्यात आम्हाला एका नावाजलेल्या दालनात नेलं होतं. तिथे यानं एका महागड्या चित्रामागे डोकं खुपसलं आणि रखवालदार धावत आला. "ओ, हात लावायचा नाही!" कारव्या शांतपणे म्हणाला, "हात नाही लावला काका, मान घातलीय." वर्ग हसला, सर ओशाळले आणि मी त्याला ओळखत नसल्यासारखी दोन पावलं बाजूला सरकले. माझी ही बाजूला सरकण्याची सवय जुनी आहे हे कळावं, म्हणून आधीच लिहून ठेवते.

त्याचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण हाक मारायला कुणी ते वापरलं नाही. उंच, सडपातळ, सरळ वाढलेला, आणि बोलायला लागला की दर चार वाक्यांनी कारवीवर यायचा. आमच्याकडच्या डोंगरात कारवी उगवते. तिच्या काठ्या उभ्या बांधून घराचा कूड करतात, त्यावर शेणमाती लिंपतात, वरून गेरूचा हात फिरवतात, की झाली भिंत. शहरातल्या पोरांना हे ऐकून ऐकून पाठ झालं आणि त्यांनी त्याचं कारव्या करून टाकलं. त्याला राग आला नाही. "बरंय की. निदान कामाच्या वस्तूचं नाव आहे," एवढंच म्हणाला.

आम्ही दोघं एकाच बाजूचे, म्हणजे शहरातल्या लोकांच्या दृष्टीनं. तो दाभोशाच्या अलीकडच्या एका पाड्यावरचा वारली, आश्रमशाळेत शिकलेला. मी जव्हारच्या बाजारपेठेतल्या कापडदुकानदाराची मुलगी. आमच्या घरी कलेशी आलेला संबंध म्हणजे साडीच्या काठाची नक्षी, तीही गिऱ्हाइकाला दाखवण्यापुरती. त्याच्या घरचे लोक लग्नाचं कापड घ्यायला आमच्याच दुकानाची पायरी चढायचे, आणि माझे वडील त्यांना उभं ठेवून बोलायचे. हे त्याला माहीत होतं, मलाही माहीत होतं. कॉलेजात त्यानं ते कधी काढलं नाही. फक्त मला "शेठाणी" म्हणायचा आणि माझ्या डब्यातलं लोणचं न विचारता घ्यायचा.

त्याची चित्रं पाठींची होती. जव्हारच्या एसटी डेपोत गाडीची वाट बघणारी माणसं, आदिवासी प्रकल्प कार्यालयाच्या खिडकीसमोर रांगेत उभे असलेले बापे म्हणजे पुरुष, भातलावणीत वाकलेल्या बाया, आणि ही सगळी मागून. तेलरंगात, मोठमोठ्या कॅनव्हासवर. एकाही चित्रात चेहरा नव्हता, तरी पाठ बघून माणसाचं वय, थकवा, काम होणार की नाही याची त्याची खात्री, सगळं कळायचं. मी एकदा विचारलं, "चेहरे का नाही काढत रे?" तर म्हणाला, "पुढनं सगळेच शहाणे दिसतात." मी वर्गात पुष्कळ हुशार पोरं पाहिली. पण चित्रकार म्हणावं असा त्या दोन वर्षांत मला तो एकटाच भेटला. हे मी त्याला एकदाही सांगितलं नाही.

आमच्या मार्गदर्शक सरांना या पाठी आवडत नव्हत्या. त्यांना त्याच्याकडून पांढऱ्या रंगातली त्रिकोणी माणसं हवी होती. "अरे, केवढी थोर परंपरा तुझ्या घरात आहे! तुझ्या रक्तात रेषा आहे," असं ते कळवळून म्हणायचे. कारव्या म्हणाला, "माझ्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे सर. आश्रमशाळेपासून गोळ्या चालू आहेत." पुन्हा एकदा सर म्हणाले, "तू आधी तुझ्या मुळांकडे जा." हा म्हणाला, "जातो ना सर. दर सुट्टीत जातो. एसटी उशिरा येते एवढंच." सरांना हा उद्धटपणा वाटायचा. खरं तर तो अगदी सरळ उत्तर देत असे.

कॉलेजच्या वार्षिक महोत्सवात तर कहरच झाला. 'आदिवासी कला' अशी पाटी लावून एक टेबल मांडलं आणि त्याच्यामागे कारव्याला बसवलं. लोकांच्या कुडत्यांवर, पिशव्यांवर त्यानं वारली नाच काढून द्यायचा, असं ठरलं. ठरवलं अर्थात दुसऱ्यांनी. तो दिवसभर बसला आणि एकाही पिशवीवर नाच काढला नाही. ज्यानं पिशवी पुढे केली, त्याला तो म्हणायचा, "जरा पाठ करून उभे राहा." संध्याकाळी दहा-बारा लोक स्वतःच्याच पाठी हातात घेऊन गोंधळून घरी गेले. मी त्याला म्हटलं, "काढली असतीस चार माणसं, काय बिघडलं असतं?" तेव्हा तो पहिल्यांदा चिडला. "आमच्यात भिंतीवरचा चौक सवासिनी काढतात, लग्नात काढतात, देवासाठी काढतात. बाजारासाठी बापेही काढतात, त्यांचं पोट आहे त्यावर, माझं काही म्हणणं नाही. पण मला दुसरं काढायचंय, तर काढू द्या ना. तुम्हाला कुणी म्हणतं का, कापडाची चित्रं काढ म्हणून?"

नाही, मला कुणी म्हणत नव्हतं. मला वाटेल तो विषय घेता येत होता, म्हणून मी प्रबंधाला त्याचाच विषय घेतला. 'लग्नचौक : एक लोपणारी परंपरा.' सर खूश झाले. कारव्याला शीर्षक दाखवलं तर तो पोट धरून हसला. "लोपणारी? या वैशाखात माझ्या आईला घरी बसायला मिळालेलं नाही. येऊन बघ एकदा." आणि खरंच मला घेऊन गेला.

त्याची आई आजूबाजूच्या सगळ्या पाड्यांवर चौक काढायला जायची. लग्न ठरलं की आधी भगताला निरोप आणि मग हिला, अशी तिची पत होती. बुटकी, काळीसावळी, बोलण्यात फटकळ. मी पहिल्यांदा तिचं काम पाहिलं तेव्हा मला कारव्याचा उलगडा झाला. भिंतीला गेरू देऊन झाला होता, तांदळाचं पीठ भिजवून तयार होतं, बाकीच्या सवासिनी काड्या घेऊन बसल्या होत्या. ही मात्र उठली आणि घराबाहेर जाऊन त्या भिंतीची पाठ बघून आली. तळव्यानं थापटून आली. मी विचारलं तर म्हणाली, "पुढून सुकलेली दिसते बाय. आत वल असली का रंग धरत नाय. भित सुकली का नाय तां पाठीमागून समजते." मी कारव्याकडे पाहिलं. तो दुसरीकडे बघून हसत होता.

मला तिनं जवळ बसू दिलं. काडीला हात लावू दिला नाही. "तुझा लगीन नाय झाला, तू काढू नको. पण बस, बघ." चौक काढताना बायका गात होत्या, मधेच थट्टा करत होत्या, माझ्या शहरी केसांवरून एकमेकींना कोपरखळ्या मारत होत्या. पालघट देवीची आकृती मधोमध उभी राहिली, भोवती जाळीसारखी नक्षी चढत गेली, आणि काम पुरं होताच आईनं वरून कापड सोडलं. मग मला एक अट सांगितली. "कापड पडला का मंग भगत उघडल तवाच बघायचा. त्याचे अंगात देव आल्यावर. तवर मी काढला तरी मी पन बघायचा नाय." मी मान हलवली. वहीत लिहूनही घेतलं, खाली रेघ मारून. ती वही अजून माझ्याकडे आहे.

एव्हाना कारव्यानंही आपला प्रबंध ठरवला होता. सरांनी अट घातली होती की स्थानिक परंपरेवर लिहिलं तरच ते सही करतील. यानं सांगितलं, लिहितो, पण चित्रावर नाही, चित्रामागच्या भिंतीवर लिहितो. कारवी कोण तोडतं, कूड कोण बांधतं, लिंपण कोणत्या बाईचं टिकतं आणि का, हे सगळं पाड्यापाड्यांवरच्या बायकांना विचारून. सरांनी नाक मुरडलं, पण विषयाला सही केली. मला तेव्हाच कळलं होतं की त्याचा प्रबंध माझ्यापेक्षा चांगला होणार. तो पुरा झाला असता तर आज आमच्या विषयात शिकवायला मी त्याचंच पुस्तक वापरलं असतं. त्याला नेट द्यायची होती, प्राध्यापक व्हायचं होतं. "फळ्याच्या मागे काय आहे ते पोरांना पहिल्या दिवशी दाखवणार," असं म्हणायचा.

शेवटच्या वर्षी त्याच्या बहिणीचं लग्न ठरलं. वडिलांनी दुकानातून एक चांगलं जाड पांढरं कापड मला दिलं. "मोकळ्या हातानं जाऊ नको," म्हणाले. कारव्याच्या आईनं ते हातात घेऊन उलटसुलट पाहिलं आणि म्हणाली, "हाच टाकू चौकावर." मला फार बरं वाटलं. लेकीच्या लग्नाचा चौक, म्हणून तिनं त्या दिवशी जीव ओतून काढला. मी इतके चौक पाहिले, पण तसा दुसरा पाहिला नाही. रेषा थरथरत नव्हती, कुठे घाई नव्हती. दुपारी तो पुरा झाला आणि आमच्या दुकानातलं कापड त्याच्यावर पडलं.

माझी पंचाईत अशी होती की पुऱ्या झालेल्या चौकाचा धड फोटो माझ्याकडे एकही नव्हता. काम चालू असताना बायका मधे असायच्या. भगतानं उघडल्यावर गर्दी, धूर, अक्षता, अंधार. सर प्रत्येक भेटीत विचारत होते, "मुख्य चित्र कुठे आहे?" प्रबंध द्यायला थोडेच दिवस उरले होते. त्या दुपारी सगळे मांडवात जेवायला बसले, मी पाणी प्यायला आत आले. दारातून ऊन नेमकं त्या भिंतीपर्यंत पोचलं होतं. घरात कुणी नव्हतं. मी कापडदुकानात वाढलेली मुलगी. कापडाचं टोक दोन बोटांत धरून अलगद बाजूला करणं माझ्या हाताला लहानपणापासून ठाऊक आहे. मी ते केलं. तीन फोटो काढले. चौथ्याला वरचा खिळा निसटला आणि सगळं कापड खाली आलं.

मी ते पुन्हा टांगायला धडपडत होते तेवढ्यात कारव्या आत आला. त्यानं कापडाकडे पाहिलं, चौकाकडे पाहिलं नाही. मान वळवून घेतली. मग माझ्या हातातून कापड घेतलं आणि म्हणाला, "मागच्या दारानं जा." मी गेले. मांडवात येऊन पानावर बसले तोच आतून धवलेरीची किंकाळी आली. लग्नाची गाणी म्हणणारी, लग्न लावणारी ती म्हातारी आत गेली होती आणि तिला उघडा चौक दिसला होता, आणि हातात कापड घेऊन उभा असलेला त्या घरचा मुलगा.

"कापड कुणी काढला?" भगतानं विचारलं.

"मीच," कारव्या म्हणाला.

"कया?"

"बघायचा व्हता."

सगळ्यांसमोर तो एवढंच बोलला. शिकून आलेल्या पोराला देव राहिला नाही, मोठ्या कॉलेजात हेच शिकवतात, असं लोक त्याच्या तोंडावर म्हणाले. भगतानं सांगितलं की उघडलेला चौक पुन्हा उघडता येत नाही, हा सारवून टाका, नवा काढा, आणि या पोराच्या आईच्या हातानं नको. पलीकडच्या पाड्यावरून दुसरी सवासीण जीपनं आणली. नवऱ्याकडची माणसं ताटकळत बसली. ओल्या गेरूवर घाईघाईत काढलेल्या, जागोजागी पसरलेल्या चौकासमोर दिवस मावळता मावळता लग्न लागलं. कारव्याची आई अंगणात पाटावर बसून होती. स्वतःच्या लेकीच्या लग्नात तिला काही काम उरलं नव्हतं. मी तिच्यासमोरून दोनदा गेले. मग जीप मिळाली तशी जव्हारला निघून आले, कॅमेरा मांडीवर घट्ट धरून.

काही दिवसांनी तो मला डेपोत भेटला. मी रडत होते, तो शेंगदाणे खात होता. "का केलंस असं? मी सांगितलं असतं," मी म्हटलं. सांगितलं नसतं, हे दोघांनाही माहीत होतं. तो म्हणाला, "तुला तिथं आणलं कुणी? मी. मग कापड मीच काढलं. आमच्यात असंच धरतात." मी म्हटलं, "फोटो पुसून टाकते." त्यानं मागितलं नव्हतं, मीच वचन दिलं. त्यानं नुसते शेंगदाणे पुढे केले.

मी फोटो पुसले नाहीत. सरांनी पाहिले आणि टेबलावर हात आपटून म्हणाले, "हाच! याच्यासाठी तर प्रबंध आहे." मग मी स्वतःला पटवलं की झालं ते झालं, चौक तर सारवून गेला, निदान फोटो तरी राहिला. माणसाला स्वतःला पटवायला फारसा वेळ लागत नाही, मला एक दुपार पुरली.

तिकडे आईला चौकाचे निरोप यायचे बंद झाले. आधी एका घरानं दुसरीला बोलावलं, मग सगळ्यांनीच. आणि ज्या बायकांशी बोलून कारव्याचा प्रबंध होणार होता, त्या दारात आल्या की आत वळायच्या. देवाचं कापड काढणाऱ्या पोराला भिंतीतलं काय सांगायचं? आईही बोलेना. तो वही घेऊन बसायचा आणि ती सुपात तांदूळ पाखडत राहायची. मुदत गेली. सरांनी ती वाढवून दिली नाही. "तुझ्यात चिकाटीच नाही," असं म्हणाले. त्याची सही न झालेली कागदपत्रं विभागाच्या कपाटात गेली आणि पाठींचे कॅनव्हास गुंडाळून वसतिगृहाच्या माळ्यावर.

माझं प्रदर्शन लागलं तेव्हा तो आला. मधल्या भिंतीवर तो फोटो पुरुषभर उंचीचा करून लावला होता, खाली माझं नाव. बाहेरून आलेले परीक्षक त्याच्यासमोर उभे राहून म्हणाले होते, "फार वेळेवर नोंदवलंत. पुढच्या पिढीला हे दिसणार नाही." त्यांचं म्हणणं खरंच होतं, फक्त कारण त्यांना माहीत नव्हतं. कारव्या सरळ त्या फोटोपाशी गेला. चौकट भिंतीपासून जराशी ओढली आणि मान आत घातली. बराच वेळ मागे बघत राहिला. मग पुढे आला, पण चौकाकडे या वेळीही पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. कॉलेजात माझ्याशी कधी न बोललेल्या त्याच्या घरच्या बोलीत म्हणाला, "चांगला आलाय फोटू. कापड कुणी सरकवला तां यात दिसत नाय." आणि गेला. माझ्याभोवती अभिनंदनाला लोक जमले होते. मी हसत होते.

मला पदवी मिळाली, पुढे नेट झाली, त्याच कॉलेजात नोकरी लागली. आता दरवर्षी विद्यार्थ्यांची सहल घेऊन मी आमच्याच भागात येते. शिरपामाळ दाखवते, दाभोशाचा धबधबा दाखवते, 'माझी माती' वगैरे बोलते. गेल्या सहलीत धबधब्याजवळच्या एका नव्या हॉटेलात उतरलो, तिथे अंगणाच्या भिंतीवर एक माणूस पांढऱ्या रंगानं वारली नाच उमटवत होता. उमटवत होता म्हणजे खरोखरच उमटवत होता. जाड प्लास्टिकचा कापलेला साचा भिंतीवर धरायचा, वरून रंगाचा फवारा मारायचा, साचा पुढे सरकवायचा. पाठमोरा होता. तरी मी ओळखलं.

"ये शेठाणी," तो म्हणाला, वळायच्या आधीच. माझा आवाज पोरांना सूचना देताना त्यानं ऐकला असावा. केस पांढरे व्हायला लागले होते. मी म्हटलं, "हे काय रे?" म्हणाला, "साचा. मीच कापलाय. सकाळी लागलं की दुपारपर्यंत भिंत होते. सगळ्यांना हेच पाहिजे होतं ना माझ्याकडून? घ्या." तो हसला, आणि ते हसू मला सोसलं नाही. माझे विद्यार्थी त्याचे फोटो काढत होते. एकानं विचारलं, "मॅडम, हे अस्सल कलाकार आहेत का?" मी हो म्हटलं. तो मुलगा वहीत लिहून घेऊ लागला.

तिथेच मी ठरवलं की आईला जाऊन सांगायचं. इतकी वर्षं लागली, तरी सांगायचं. कारव्या म्हणाला, "जा. ती तुझा इचारते कधी कधी." तो आला नाही, त्याची भिंत व्हायची होती. मी जीपनं एकटी गेले. म्हातारी अंगणात बसली होती, नजर बरी होती. मी समोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं, की कापड मी काढलं होतं, तुमच्या मुलानं नाही.

ती म्हणाली, "मला ठावं हाय."

ती सांगू लागली, "त्याची बोटं गेरूनी लाल व्हती, सकाळधरून मांडवाची भित सारवत व्हता. कापड पांढरा व्हता. त्यानी धरला तिथंच डाग व्हतं. सरकवायचे टोकाला एक पन डाग नव्हता." मग म्हणाली, "काढनारीचे हात धुतलेलं व्हतं."

"मग बोललात का नाही? लोकांना का नाही सांगितलंत?"

"पोरानी चार मानसांत सांगला, मी काढला. मी नाय म्हनला असता तं माझा पोर खोटा पडला असता. चौक गेला तं गेला. पोराला खोटा कसा पाडू?"

सहलीत पोरांना दाखवायला प्रबंध बरोबर असतो, त्यातला तो फोटो मी वेगळा काढून सोबत नेला होता. निदान तिचं काम तिला द्यावं, असं मनात होतं. तिनं हातात घेतला, आणि आधी उलटा केला. मागचा कोरा कागद तळव्यानं थापटून पाहिला. मग सुलटा करायच्या आधीच तिला समजलं असावं. तिनं विचारलं, "माझे लेकीचा चौक?" मी हो म्हटलं. तिनं तो तसाच मांडीवर पालथा ठेवला आणि वरून पदर ओढून घेतला.

"हा अजून भगतानी उघडला नाय," ती म्हणाली. "तुझेकडं आनिक हायेत का?"

"एक आहे."

"मंग झाक त्याला. झाकून ठेव."

मी हो म्हटलं, पाया पडले आणि आले. याला आता वर्ष होत आलं. तो फोटो आमच्या विभागाच्या जिन्यासमोर लावलेला आहे, पुरुषभर उंचीचा, वर काच, खाली माझं नाव. नवीन विद्यार्थी त्याच्यासमोर उभे राहून सेल्फी काढतात. मी रोज त्याच्यासमोरून वर्गावर जाते. वडिलांच्या दुकानातून नव्यानं आणलेलं तसंच जाड पांढरं कापड घडी घालून माझ्या कपाटात आहे, मापानं बरोबर. पण भिंतीवरचं काहीही झाकायचं किंवा उतरवायचं असेल तर प्राचार्यांना अर्ज द्यावा लागतो, आणि अर्जात कारण लिहावं लागतं.